वर भांडण, आत भागीदारी: तुमच्या फोनमध्ये नेमकं कुणाचं काय असतं?

आयफोनवाला आणि अँड्रॉइडवाला एका टेबलाशी बसले की वाद ठरलेला. एक म्हणणार, तुमचा फोन दोन वर्षांत मान टाकतो. दुसरा म्हणणार, तुम्ही फोनचे नाही, सफरचंदाचे पैसे भरता. हीच जुगलबंदी कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरून इंटेल आणि एएमडीवाल्यांची, हीच गेमच्या कन्सोलवरून प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाल्यांची. असे वाद ऐकायला मला आवडतात, खोटं कशाला बोला. फक्त ज्या कंपन्यांची बाजू घेऊन माणसं घसा कोरडा करतात, त्या कंपन्या पुष्कळदा एकमेकींच्या बड्या गिऱ्हाईक असतात, हा विषय त्या टेबलावर कुणी काढत नाही.

२०२५ संपत आलं तेव्हा रॅमचे भाव भडकले आणि हे सगळं एकदम उघड्यावर आलं. रॅम म्हणजे फोन किंवा कॉम्प्युटर काम करताना हाताशी ठेवतो ती तात्पुरती मेमरी. जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात: दक्षिण कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेतली मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना खास प्रकारची, जास्त नफा देणारी मेमरी हवी झाली. तिघींनी आपले कारखाने तिकडे वळवले आणि साध्या रॅमचा तुटवडा पडला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा ब्रँडच आवरता घ्यायचं जाहीर केलं. लॅपटॉपच्या झाकणावर नाव कुणाचंही असो, झळ सगळ्यांनाच बसली. इतके वेगवेगळे ब्रँड, मग अडचण सगळ्यांची एकच कशी? याचं उत्तर झाकणाच्या आत आहे.

खोक्यावरचं नाव आणि आतला माल

फोन उघडला तर आत मोजकेच मोठे भाग दिसतात. स्क्रीन, बॅटरी, कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपून त्याचे आकडे करणारा तुकडा), मेमरी, मोबाइल नेटवर्कशी बोलणारा मोडेम आणि सगळा हिशोब करणारा प्रोसेसर. यातलं सगळंच्या सगळं फक्त स्वतःच बनवून भागवणारा फोन ब्रँड जगात एकही नाही.

आयफोनच घ्या. २०१७ साली ॲपलने आयफोन टेन आणला तेव्हा त्याच्या नव्या ओलेड (जिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशा) स्क्रीनचं केवढं कौतुक झालं. ती स्क्रीन सॅमसंगची होती. कॅमेऱ्याचे सेन्सर सोनीचे. ॲपल पुरवठादारांची नावं सहसा घेत नाही, पण डिसेंबर २०२२मध्ये ॲपलचे प्रमुख टिम कुक जपानमध्ये कुमामोतोला गेले आणि सोनीबरोबर आपण दहा वर्षांहून जास्त काळ काम करतोय, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. म्हणजे ‘आयफोनचा कॅमेरा’ म्हणून जो मिरवला जातो, त्याचा डोळा सोनीचा आहे. त्याच सोनीचे स्वतःचेही फोन आहेत आणि ते फारसे कुणाच्या हातात दिसत नाहीत. सेन्सरच्या धंद्यात पहिली, फोनच्या धंद्यात कोपऱ्यात, अशी ही कंपनी.

टीव्हीत तर याहून गोंधळ. ओलेड टीव्हीचे मोठे पॅनल, म्हणजे पडदे, मुख्यतः एलजीची उपकंपनी बनवते आणि सोनीच्या कित्येक टीव्हींत तेच असतात. सोनीने २०२२पासून काही मॉडेलांत सॅमसंगचे पॅनल वापरायला घेतले. आणि सॅमसंगने आपल्या काही मोठ्या ओलेड टीव्हींत एलजीचे पॅनल बसवले! आता यात कुणाच्या बाजूने भांडायचं ते तुम्हीच ठरवा.

चिप ‘बनवणं’ ही दोन कामं आहेत

प्रोसेसर या मुख्य चिपबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. “ॲपलने स्वतःची चिप बनवली” हे वाक्य आपण वाचतो. ते अर्धंच खरं आहे. ॲपलने चिप आखली. बनवली दुसऱ्याने.

एकमेकांवर रोज अग्रलेखांतून तुटून पडणारी दोन वर्तमानपत्रं एकाच छापखान्यात छापली जातात, असं समजा. मजकूर कुणाचा, मांडणी कुणाची, चूक झाली तर अब्रू कुणाची, हे सगळं ज्याच्या त्याच्या संपादकाकडे. छापखान्याला मजकुराशी देणंघेणं नाही. शाई नीट बसली पाहिजे आणि अंक वेळेत निघाला पाहिजे, एवढंच त्याचं काम. चिपच्या जगात ॲपल, क्वालकॉम, एनव्हिडिया, एएमडी हे संपादक. छापखाना म्हणजे टीएसएमसी ही तैवानची कंपनी. अशा छापखान्याला धंद्यात ‘फाउंड्री’ म्हणतात.

मॉरिस चँग यांनी १९८७ साली टीएसएमसी काढली तेव्हा ही कल्पना विचित्रच वाटत होती. चिप कंपनी म्हटलं की तिचा स्वतःचा कारखाना हवाच, असा रिवाज होता. चँग यांनी ठरवलं की आपण स्वतःच्या नावाची एकही चिप विकायची नाही, फक्त दुसऱ्यांच्या बनवून द्यायच्या. त्यामुळे गिऱ्हाइकाला एक भीती उरली नाही: उद्या हाच माझ्यासमोर दुकान थाटेल, ही.

आणि हे सगळे संपादक लिहितात कुठल्या लिपीत? फोनच्या बाबतीत जवळजवळ सगळे एकाच: आर्म. ही चिपला आज्ञा देण्याची ठरलेली पद्धत. ती १९९०मध्ये केंब्रिजला स्थापन झालेल्या आर्म या कंपनीच्या मालकीची आहे आणि बाकीचे पैसे भरून ती वापरतात. आयफोनही तीच वापरतो आणि त्याला नावं ठेवणारा अँड्रॉइड फोनही. त्या कंपनीच्या तीन संस्थापक भागीदारांत खुद्द ॲपल होती, हे आता ॲपलच्या भक्तांनाही फारसं आठवत नाही.

कोर्टात मारामारी, कारखान्यात ऑर्डर

एप्रिल २०११मध्ये ॲपलने सॅमसंगवर खटला भरला. आमच्या फोनची नक्कल मारली, असा आरोप. ऑगस्ट २०१२मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने सॅमसंगला शंभर कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं. पुढे रक्कम कमी-जास्त होत राहिली, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जून २०१८मध्ये समेट झाला. सात वर्षं वकिलांची चंगळ.

आता याच काळात आयफोनच्या आत डोकावा. पहिल्या आयफोनचा प्रोसेसर सॅमसंगने बनवलेला. २०१०मध्ये ॲपलने आपल्या नावाची पहिली चिप, ए-४, आणली, तीही सॅमसंगच्या कारखान्यात तयार झाली. खटला ऐन रंगात असताना, २०१३च्या आयफोन ५-एसपर्यंत, ॲपलच्या फोनचे प्रोसेसर सॅमसंगच बनवत होती. ज्याच्यावर चोरीचा आरोप, त्यालाच दरवर्षी कोट्यवधी चिपची ऑर्डर. २०१४मध्ये ॲपल टीएसएमसीकडे गेली खरी, पण २०१५मध्ये पुन्हा दोन्हीकडून माल घेतला. त्यामुळे आयफोन ६-एसमध्ये एक मजा झाली. बाहेरून फोन तोच, किंमत तीच, पण काहींच्या आत सॅमसंगने बनवलेली ए-९ चिप आणि काहींच्या आत टीएसएमसीने बनवलेली. दोन्हींचा आकारसुद्धा किंचित वेगळा. लोक ॲप टाकून तपासायला लागले, आपल्या वाट्याला कुठली आली. काही चाचण्यांत टीएसएमसीवाला फोन जास्त वेळ टिकताना दिसला. शेवटी ॲपलला खुलासा करावा लागला की रोजच्या वापरात बॅटरीत दोन-तीन टक्क्यांचाच फरक पडतो.

ही रीत जुनीच आहे. १९९७मध्ये ॲपल बुडायच्या बेतात होती तेव्हा मायक्रोसॉफ्टने तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतवले आणि ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरसाठी आपलं ‘ऑफिस’ सॉफ्टवेअर बनवत राहायचं वचन दिलं. स्टीव्ह जॉब्सनी बॉस्टनच्या मेळाव्यात हे जाहीर केलं आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर बिल गेट्स झळकले, तेव्हा समोरच्या ॲपलप्रेमींनी हुर्यो उडवली. कंपनी वाचत होती आणि भक्त चिडले होते. अलीकडचं बघायचं तर आयफोनमधल्या सफारी या ब्राउझरमध्ये आधीपासून गूगलच सर्च असावा म्हणून गूगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला २,००० कोटी डॉलर दिले, असं अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. अँड्रॉइडची मालकीण आयफोनच्या मालकिणीला एवढे पैसे मोजते, आणि इकडे दोन मित्र फोनवरून बोलणं सोडतात.

एवढा पैसा आहे, मग स्वतःच का बनवत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे. ॲपलच्या तिजोरीत काय कमी आहे? पण इथे नुसता पैसा पुरत नाही.

आजची सगळ्यात बारीक चिप छापायला एक विशिष्ट यंत्र लागतं आणि ते जगात एकच कंपनी बनवते: नेदरलँड्समधल्या वेल्डहोवनची एएसएमएल. त्या यंत्रात काय चालतं ते ऐकून मला अजून नवल वाटतं. वितळलेल्या कथिलाचे अतिसूक्ष्म थेंब पोकळीतून सोडले जातात, सेकंदाला सुमारे ५० हजार. प्रत्येक थेंबावर लेझरचे दोन फटके बसतात. पहिल्याने थेंब चपटा होतो, दुसऱ्याने त्याचा प्लाझ्मा (प्रचंड तापलेला, वीजभारित वायू) होतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीचा अदृश्य प्रकाश निघतो. हा प्रकाश इतका नाजूक की साधी हवासुद्धा त्याला गिळते, म्हणून सगळं निर्वात पोकळीत. काचेचं भिंगही त्याला गिळतं, म्हणून भिंगांऐवजी आरसे. आरसे जर्मनीच्या झाइसचे. अशा एका यंत्राची किंमत १५ कोटी डॉलरच्या पुढे जाते आणि कारखान्याला एक यंत्र पुरत नाही.

हे यंत्र तयार व्हावं म्हणून २०१२मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांनी एएसएमएलमध्ये पैसे घातले होते. एकट्याच्या आवाक्यातलं हे काम नव्हतंच.

यंत्रं आणूनही भागत नाही. चिप बनायला शेकडो पायऱ्या आणि काही महिने लागतात. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप छापल्या जातात आणि त्यातल्या किती चालू निघतात, यावर नफा-तोटा ठरतो. हे प्रमाण वाढवण्याचा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने येतो. इंटेलचं उदाहरण बोलकं आहे. स्वतः आखायचं आणि स्वतःच बनवायचं, हा तिचा अनेक दशकांचा बाणा. पण ‘१० नॅनोमीटर’ नावाच्या चिपच्या पिढीवर ती काही वर्षं अडकली. तिची प्रतिस्पर्धी एएमडी आपले कारखाने २००९मध्येच वेगळे काढून मोकळी झाली होती. तिने २०१९मध्ये टीएसएमसीच्या कारखान्यातून नवे प्रोसेसर आणले आणि बाजी मारली. शेवटी २०२४मध्ये इंटेलने लॅपटॉपच्या एका नव्या प्रोसेसरचा मुख्य भाग कुठून करून घेतला? टीएसएमसीकडूनच. सप्टेंबर २०२५मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५०० कोटी डॉलर गुंतवायचं जाहीर केलं, तेव्हा तर शत्रू-मित्रांची यादी ठेवणाऱ्यांनी हात टेकले असतील.

नुसती आखणी स्वतः करायची म्हटली तरी काय होतं, ते मोडेममध्ये दिसलं. २०१७मध्ये ॲपल मोडेम पुरवणाऱ्या क्वालकॉमविरुद्ध कोर्टात गेली. २०१९मध्ये समेट झाला आणि त्याच वर्षी ॲपलने इंटेलचा मोडेम विभाग १०० कोटी डॉलरला विकत घ्यायचा सौदा केला, क्वालकॉमवर अवलंबून राहायला नको म्हणून. स्वतःचा पहिला मोडेम फोनमध्ये बसला फेब्रुवारी २०२५मध्ये, तोही स्वस्तातल्या १६-ई मॉडेलमध्ये. त्यानंतर आलेल्या साध्या आयफोन १७मध्ये पुन्हा क्वालकॉम आहेच.

गुपितं फुटत नाहीत का?

फुटू नयेत याची व्यवस्था असते. करार कडक असतात आणि गिऱ्हाइकांची माहिती एकमेकांपासून लांब ठेवली जाते. टीएसएमसीचा तर सगळा धंदाच या विश्वासावर उभा आहे. सॅमसंगची गोची इथेच होते. तिचे स्वतःचे फोन असल्यामुळे बाकीच्यांना तिच्या हातात आराखडे देताना दहादा विचार करावा लागतो. २०१७मध्ये तिने फाउंड्रीचा विभाग वेगळा केला, तरी मोठी गिऱ्हाइकं परत खेचणं तिला जड गेलं. गंमत म्हणजे २०२५च्या गॅलक्सी एस-२५मध्ये सॅमसंगने जगभर क्वालकॉमचा प्रोसेसर वापरला आणि तो बनला टीएसएमसीत. घरचा कारखाना असून बाहेरचा माल.

मग सगळे फोन सारखेच म्हणायचे का?

नाही, आणि इथे ब्रँडवाल्यांची बाजू मला घ्यावीशी वाटते. “आत सगळं एकच आहे, तुम्ही नुसत्या नावाचे पैसे देता” असं म्हणणाराही तितकाच चुकतो.

गूगलने पिक्सेल ३, ४ आणि ५ या तिन्ही फोनांच्या मुख्य कॅमेऱ्यात सोनीचा एकच सेन्सर वापरला. २०१८ ते २०२०, तीन वर्षं डोळा तोच. तरी रात्रीचे फोटो सुधारत गेले आणि त्याहून महागडे सेन्सर लावलेल्या फोनांना पिक्सेल टक्कर देत राहिला. कारण फोटो घेताना गूगल अनेक फ्रेम टिपून त्यांची सॉफ्टवेअरने सांगड घालत होतं. सेन्सर विकत मिळतो, ही सांगड विकत मिळत नाही.

सोनीचं प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सीरीज एक्सही असेच. दोन्ही नोव्हेंबर २०२०मध्ये दोन दिवसांच्या अंतराने आले. दोन्हींत एएमडीचा प्रोसेसर, दोन्हींत एएमडीचंच ग्राफिक्स, दोन्ही टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटर पद्धतीने बनलेले. फरक पडला गेममध्ये. कुठला खेळ कुठे चालतो, कंट्रोलर हातात कसा बसतो, महिन्याच्या वर्गणीत काय मिळतं. सोनी जिंको वा मायक्रोसॉफ्ट, एएमडीचं बिल निघतंच.

एकच प्रोसेसर घातलेले दोन फोनही वेगळे वागतात. एकाने उष्णता बाहेर काढायची सोय नीट केलेली असते, दुसऱ्याचा फोन व्हिडिओ कॉलवर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. म्हणून ‘प्रोसेसर कुठला’ हा प्रश्न विचारून खरेदीला निघालेल्या माणसाला अर्धंच उत्तर हाती लागतं.

नॅनोमीटरच्या जाहिरातीबद्दलही सांगतो. ‘३ नॅनोमीटरची चिप’ म्हटलं की वाटतं, आत काहीतरी ३ नॅनोमीटर मापाचं आहे. तसं काही नसतं. त्या चिपमधल्या शेजारशेजारच्या दोन ट्रान्झिस्टरमधलं (म्हणजे विजेच्या सूक्ष्म खटक्यांमधलं) अंतरच ४० नॅनोमीटरच्या वर भरतं. हा आकडा पूर्वी मापाशी जुळायचा, आता तो पिढीचं नाव झालाय. इंटेलने २०२१मध्ये आपल्या १० नॅनोमीटरच्या सुधारित पद्धतीचं बारसं करून तिला ‘इंटेल ७’ म्हटलं, यावरून काय ते समजा. तेव्हा एका कंपनीचे ३ आणि दुसरीचे ४ यांची तुलना करण्यात हशील नाही. बॅटरी किती टिकते ते विचारावं.

माझ्या मते खोक्यावरच्या नावाला खरी किंमत येते ती दोन गोष्टींत: फोन बिघडल्यावर दुरुस्त कोण करून देतं आणि सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळतात. अपडेटमध्ये तर जमीनअस्मानाचा फरक आहे. गूगलने पिक्सेल ८पासून आणि सॅमसंगने गॅलक्सी एस-२४पासून सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं. त्याच्या शेजारी ठेवलेला, आतून बराचसा तसाच दिसणारा एखादा फोन दोन-तीन वर्षांनी बेवारस होतो. हे आश्वासन ना टीएसएमसी देते, ना सोनी. ते फक्त ब्रँडच देऊ शकतो.

एक कारखाना बंद पडला की

सामायिक पुरवठ्याचा एक तोटा मात्र ब्रँड बदलून टळत नाही. ऑक्टोबर २०११मध्ये थायलंडमध्ये पूर आला आणि वेस्टर्न डिजिटलचा हार्ड डिस्कचा कारखाना पाण्याखाली गेला. जगभर हार्ड डिस्कचे भाव चढले, मग तुम्ही कॉम्प्युटर कुणाचाही घ्या. एप्रिल २०१६मध्ये कुमामोतोला भूकंप झाला, सोनीच्या सेन्सरचं उत्पादन थांबलं आणि जे कॅमेरे सोनीचं नावही लावत नाहीत, त्यांचीसुद्धा टंचाई झाली.

म्हणून आता सरकारांनाही जाग आली आहे. सगळ्यात प्रगत चिप मुख्यतः तैवानमध्येच बनतात, आणि तिथे भूकंप होतात, शिवाय चीनबरोबरचा ताण आहेच. अमेरिकेने मदत देऊन टीएसएमसीला ॲरिझोनात आणलं. जपाननेही पैसे दिले आणि फेब्रुवारी २०२४मध्ये टीएसएमसीच्या तिथल्या पहिल्या कारखान्याचं उद्घाटन झालं, त्याच कुमामोतोत. सेन्सरला लागणाऱ्या चिप जवळच मिळाव्यात म्हणून सोनीने त्यात भागीदारी घेतली आहे. सेन्सरचा कारखाना, चिपचा कारखाना आणि भूकंपाचा पट्टा, तिन्ही आता एकाच गावाजवळ.

ब्रँड मात्र उलट्या दिशेने, स्वतःची चिप आखायला निघालेत. गूगलची टेन्सर चिप २०२१पासून आहे, मे २०२५मध्ये शाओमीनेही स्वतःची ३ नॅनोमीटरची चिप आणली. टेन्सर सुरुवातीला सॅमसंगकडे बनायची, २०२५च्या पिक्सेल १०साठी ती टीएसएमसीकडे गेली. शाओमीचीही तिथेच बनते, ॲपलचीही आणि क्वालकॉमच्याही सगळ्यात महागड्या तिथल्याच.